चेतातंतूतली कोंडी

संध्याकाळी ठाण्यात कापूरबावडीवरून ढोकाळीमार्गे कोलशेतला परतणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पुढे एक डंपर बंद पडला की मागचा धडधाकट टेम्पोही जागच्या जागी उभा राहतो. चेतापेशीच्या लांब तंतूतही मालाची सतत ने-आण चालते, आणि ती अशीच अडते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संध्या कौशिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ते मोजून दाखवलं. ज्या नियतकालिकात हे काम छापून आलं त्याचं नाव 'ट्रॅफिक'. पेशीतल्या वाहतुकीलाच ते वाहिलेलं आहे.

त्यांचा मुख्य प्रयोगजीव म्हणजे सी. एलिगन्स, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी. त्याच्या चेतापेशी मोजून 302, आणि हलका स्पर्श ओळखणाऱ्या त्यांतल्या सहा. तंतूतून जाणाऱ्या मालाच्या पुडक्यांना जेलीफिशमधलं हिरवं चकाकणारं प्रथिन जोडलं की जिवंत कृमीतच त्यांची ये-जा सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मार्टिन चॅल्फी यांनी 1994 मध्ये हे प्रथिन या कृमीत उजळवून दाखवलं, तेही याच स्पर्शपेशींत.

चित्रफीत तर मिळाली, पण नुसती पाहून हाती काय लागणार? ठिपके सरकतात, थांबतात, एकमेकांत मिसळतात. इथे कामाला येतो कायमोग्राफ. जुन्या डॉक्टरांना हे नाव ऐकून काजळी धरलेला फिरता ड्रम आणि बेडकाचा स्नायू आठवेल. संगणकावरची रीत त्याहून सुटसुटीत. तंतूवरून एक रेघ ओढायची, प्रत्येक फ्रेममधली तेवढीच पट्टी उचलायची आणि पट्ट्या एकाखाली एक रचायच्या. आडवं ते अंतर, उभा तो काळ. थांबलेलं पुडकं सरळ उभी रेघ काढतं, चालणारं तिरकी. रेघ जितकी आडवी कलेल तितका वेग जास्त. अख्खी फीत एका चित्रात मावते. वेन रॅसबँड यांचं 'इमेजजे' हे सॉफ्टवेअर 1997 पासून फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि ही सोय त्याला जोडता येते.

खरी कटकट पुढेच. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथून कुठली कुठे गेली? ते माउस धरणाऱ्यानेच ठरवायचं, आणि मनात आधीच काही अपेक्षा असेल तर हात तिकडेच वळतो. म्हणून फीत कुठल्या कृमीची आहे हे मोजणाऱ्याला न सांगण्याची पद्धत आहे. 2019 मध्ये आलेला 'कायमोबटलर' हा प्रोग्राम रेघांचा माग स्वतःच काढतो. तरी छेदणाऱ्या रेघांपाशी मी त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवणार नाही.

कौशिकांच्या गटाला दिसलं ते असं : थांबलेली पुडकी बहुतेक ॲक्टिन हे प्रथिन दाटलेल्या जागीच सापडतात, आणि तिथे आधीच गर्दी असेल तर येणारं पुडकंही अडकण्याची शक्यता वाढते. इथवर ढोकाळीतली कोंडीच. पण कृमीला पुन्हा पुन्हा स्पर्श केल्यावर थांबलेल्या पुडक्यांची दाटी कमी झाली. तेव्हा ही कोंडी म्हणजे निव्वळ दुखणं नसून गरज पडताच माल बाहेर सोडणारं गोदामही असावं, असं त्यांचं अनुमान आहे. फळमाशीच्या चेतापेशींतही त्यांना अशाच कोंड्या आढळल्या.