पद्मिनी सुरू होत नाही? आधी करंट बघा

सेल्फ मारल्यावर इंजिन जोमानं फिरतंय, पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या पॉइंटवाल्या गाडीत पहिली तपासणी ठिणगीची. एक प्लग काढून त्याच्याच वायरीत खोचा, धातूचा भाग इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग त्याच्या भोकापासून लांबच ठेवा. तिथून पेट्रोलची वाफ येते. कडक निळी ठिणगी पडली तर कार्ब्युरेटरकडे वळा. पिवळट, मरतुकडी असेल तर संशय पॉइंट आणि कंडेन्सरवर.

ठिणगीच नसेल तर कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून उपसा आणि रबरी मुठीच्या पकडीनं लोखंडापासून ५-६ मिमीवर धरा. इथे ठिणगी उडाली, तर बिघाड टोपण, रोटर किंवा प्लगच्या वायरींत. पावसाळ्यात मी तर आधी टोपणच उघडायला सांगेन: आतला ओलावा कोरड्या फडक्यानं पुसला की पुष्कळदा गाडी लगेच बोलते. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर मात्र पुसून उपयोग नाही, टोपण बदलाच.

इथेही काही नसेल तर टेस्ट लॅम्प लावून कॉइलपर्यंत १२ व्होल्ट पोचतायत का पाहा, मग पॉइंट. काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासा. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ ते ०.५ मिमी हवी. ते वारंवार जळत असतील तर कंडेन्सर गेलेला असतो. स्वस्तातला भाग आहे, एक डिकीत असायलाच हवा.