टे नदीकाठचं रॉड-रीलचं दुकान

सकाळी 9.00
स्कॉटलंडमधलं पर्थ शहर. मे 2025, शनिवार. रविवारी इथे सॅल्मन गरवायला कायद्यानेच मनाई, म्हणून आज गर्दी होणार. पन्नाशीतला विक्रेता आधी कालची राहिलेली रीलं भरायला बसतो. ओल्या फडक्याच्या चिमटीतून दोरी ताणून घेतो आणि स्पूलच्या काठाखाली दोनेक मिलिमीटर राहिले की थांबतो. कमी भरली तर दोरी काठाला घासते, फेक आखूड पडते. जास्त भरली तर वेटोळी सुटून गुंता. विणलेल्या दोरीखाली आधी थोडं तंगूस गुंडाळतो, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी दोरीच फिरत राहते. भरणावळ वेगळी नाही, दोरीच्या किमतीतच.

10.20
गिऱ्हाईक सॅल्मनसाठी सगळ्यात महागडी काठी मागतं. हा विचारतो, “फेकणार काय?” वीस-तीस ग्रॅमचे धातूचे चमचे. मग दहा फुटी काठी, दांड्यावर 20 ते 50 ग्रॅम छापलेली. टे रुंद आणि जोरकस. लांब काठीने दोरी प्रवाहावर उचलून धरता येते, चमचा सावकाश आडवा फिरतो.

रील 4000 नंबरचं. खोक्यावरच्या बेअरिंगच्या आकड्याकडे तो बघतही नाही, आणि ते बरोबरच आहे. दोरीला तोलकाटा बांधून ओढतो. बारा किलोची दोरी, तर ब्रेक तीन किलोला सुटायला हवा, तोही न अडखळता. सॅल्मनच्या पहिल्या धावेत ब्रेक अडखळला की दोरी गेलीच. मासा विकून खर्च काढायची सोय नाही. गळाने धरलेला सॅल्मन विकायला स्कॉटलंडमध्ये 2002पासून बंदी आहे.

1.00
सँडविच. अर्ध्या तासाचा पगार नाही. उरलेले आठ तास ताशी 12.21 पौंडांनी, म्हणजे 97 पौंड 68 पेन्स. एप्रिलपासूनचा कायद्यातला किमान दर तोच. सकाळची काठी रील सोडून 160ची होती.

2.15
बाई आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा. उद्या ट्राउट गरवायला जायचंय, त्याला रविवारची आडकाठी नाही. बाई म्हणतात, मोठीच घेऊ, सॅल्मन-ट्राउट दोन्हींना चालेल. हा चार ग्रॅमचा स्पिनर दहा फुटीच्या टोकाला टांगतो. टोक हलत नाही. मग सात फुटीला, 3 ते 15 ग्रॅमवालीला, टांगून हलकेच झुलवतो. टोक लवतं. मुलाला कळतं.

2000चं रील, तीन किलोचं तंगूस. मुलगा डावखुरा, म्हणून हँडल काढून उजवीकडे बसवून देतो. काठी आणि रील मिळून साठ पौंड. “परवान्यावर स्पिनिंग चालतं का तेवढं बघा,” तो बजावतो. काही पाण्यांवर ट्राउटला फक्त फ्लाय लागते.

4.10
म्हातारे गृहस्थ. दोरी सारखी तुटते, नवी काठी हवी. हा कापसाचा बोळा एकेका कडीतून फिरवतो. टोकाच्या कडीत धागे अडकतात. आतलं सिरॅमिक तडकलंय, तेच दोरी कापतं. लायटरची ऊब, डिंक वितळतो, जुनी कडी निघते, नवी बसते. सहा पौंड. नवी काठी विकली जात नाही.

5.30
शटर. रील घ्यायला जाल तेव्हा काठी घरी ठेवू नका. दोन्ही जोडून, हातात तोलूनच पैसे द्या.