तुटलेला दात काढू नका, सांधून घ्या

शाळेच्या पटांगणात खेळताना पडून मुलाचा पुढचा दात तुटणे, ही घरोघरी परिचित असलेली घटना आहे. रक्त थांबले की पालक निश्चिंत होतात आणि तुटका दात तसाच राहतो. पुढे ते मूल थंड पाणी पिताना कळवळते, हसताना तोंडावर हात धरते. असा दात काढण्यावाचून गत्यंतर नाही, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी.

पटाशीचे दात केवळ शोभेचे नसतात. घास तोडणे व 'त', 'थ' यांसारखे वर्ण स्पष्ट उच्चारणे त्यांच्यामुळे सुकर होते. दाताच्या बाह्य एनॅमलला संवेदना नसते. त्याखालील डेंटीन उघडे पडले की थंड-गरम पदार्थ झोंबतात. आतील मगजापर्यंत इजा पोहोचल्यास जंतुसंसर्ग होऊन दात निर्जीव होण्याचा संभव असतो. म्हणून वेदना नसली तरी दंतवैद्याकडून तपासणी त्वरित करून घ्यावी.

एनॅमलवर आम्लाची प्रक्रिया केल्यास त्यावर लेपद्रव्य घट्ट बसते, असे अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखविले. आजची उपचारपद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावून दात धुतात व त्यावर चिकटद्रव्य लावतात. नंतर दाताच्याच रंगाचे काँपोझिट सुमारे 2 मिलिमीटरच्या थरांनी चढवून निळ्या प्रकाशाने कठीण करतात. हे काम बहुधा एकाच बैठकीत होते. तुटलेला तुकडा जपून नेल्यास पुष्कळदा तोच चिकटविता येतो. मगज दूषित झाला असल्यास रूट कॅनल उपचार करून, आवश्यकतेनुसार दातावर टोपी बसवितात.

कायमचा दात मुळासकट निखळल्यास क्षणाचाही विलंब करू नये. दात मुळाला स्पर्श न करता वरच्या भागाने उचलावा, हलकेच धुऊन जागेवर बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

सांधलेल्या दातानेही जपून काम घ्यावे. सुपारी फोडणे, दोरा तोडणे टाळावे. काँपोझिट कालांतराने झिजते वा डागाळते. तेव्हा डागडुजी करावी लागते.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दातांवर उपचार केले जातात. वेळीच पावले उचलल्यास मुलाचा स्वतःचा दात वाचतो आणि त्याला पुन्हा मोकळेपणाने हसता येते.