गोड्या पाण्यातला पाईक

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात इंग्रजीचा एक उतारा शिकवीत असताना त्यात ‘पाईक’ नावाच्या माशाचा उल्लेख आला आणि वर्गात एकच हशा पिकला. हसणाऱ्यांचा दोष नव्हता. आदल्याच तासाला मराठीच्या शिक्षकांनी तुकोबांचे पाईकीचे अभंग समजावून दिले होते. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, धन्याचा एकनिष्ठ सेवक, हा अर्थ ज्यांच्या कानांत ताजा होता त्यांना तळ्यात पोहणारा पाईक विचित्र वाटावा हे स्वाभाविकच होते. वास्तविक दोन्ही शब्दांचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. इंग्रजीत पाईक म्हणजे पायदळाचा लांब भाला, आणि माशालाही ते नाव त्याच्या टोकदार तोंडावरून मिळाले, असे कोशकार सांगतात.

हशा ओसरल्यावर एका मुलाने विचारले, “सर, हा मासा गरीला लागतो का?” त्या प्रश्नाने आम्ही क्षणभर गप्प झालो. थोड्याच दिवसांपूर्वी वर्गाची सहल नदीकाठी गेली असता एका विद्यार्थ्याच्या गरीला वीतभर लांबीचा तामसो लागला होता. माशाने गरी खोलवर गिळली होती आणि ती काढावयास कोणाजवळ काहीच साधन नव्हते. आधी दोरी ओढून पाहिली, मग काडी घालून पाहिली. तेवढ्या वेळात मासा तापलेल्या चिऱ्यावर तडफडत राहिला, आणि अखेर कोणी तरी त्याला गरीसकट पाण्यात फेकून दिले. तो उताणा होऊन प्रवाहाबरोबर वाहत गेला. तो कोणाच्या पानातही आला नाही आणि जगलाही नाही. आम्ही शिक्षक म्हणून तेथेच उभे होतो, आणि काय करावे हे आम्हांलाही ठाऊक नव्हते.

पुढे पाईकविषयी वाचू लागलो तेव्हा असे आढळले की, आम्हांला त्या दिवशी जे ठाऊक नव्हते नेमके तेच युरोपातील गळकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या चुका करीत, पुष्कळ मासे वाया घालवून, शेवटी शिकून घेतले आहे. ती हकीकत विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावी, म्हणून हा लेख.

पाईकचे शास्त्रीय नाव एसॉक्स ल्युसियस. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका येथील थंड प्रदेशांतील तळी व संथ नद्या हे त्याचे वसतिस्थान. अंग लांबट, रंग हिरवट, त्यावर फिकट पिवळे ठिपके, त्यामुळे पाणवनस्पतींत तो उभा राहिला तर दिसतही नाही. तोंड बदकाच्या चोचीसारखे चपटे. पाठीवरचा पर इतर माशांप्रमाणे मध्यावर नसून अगदी शेपटीजवळ असतो. या रचनेमुळे तो दूरवर पाठलाग करीत नाही. दबा धरून निश्चल राहावयाचे आणि भक्ष्य जवळ येताच बाणासारखी झेप घ्यावयाची, ही त्याची रीत. खालच्या जबड्यात मोठे सुळे आणि टाळूवर आतल्या बाजूस वळलेले शेकडो बारीक दात असल्याने एकदा तोंडात गेलेले भक्ष्य सहसा निसटत नाही. मासे, बेडूक, बदकांची पिले, इतकेच काय पण स्वतःच्या जातीचे लहान मासेही त्याला चालतात.

अशा प्राण्याविषयी दंतकथा निर्माण न होतील तरच नवल. इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मासेमारीवरील ग्रंथात पाईकला गोड्या पाण्यातील जुलमी सत्ताधीश ठरविले. जर्मनीत अशी कथा आहे की, सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३० साली कडे अडकवून तळ्यात सोडलेला पाईक १४९७ साली, म्हणजे २६७ वर्षांनी, जिवंत सापडला. त्याचा म्हणून मॅनहाइम येथील चर्चमध्ये दाखविला जाणारा सांगाडा पुढे तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा त्यात अनेक माशांचे मणके जोडलेले आढळले! प्रत्यक्षात पाईक वीस वर्षांपलीकडे क्वचितच जगतो.

परंतु दंतकथांचा एक परिणाम मात्र खरा झाला. पाईक म्हणजे दुष्ट मासा, इतर माशांचा काळ, तेव्हा सापडेल तेथे मारावा, अशी समजूत रूढ झाली. ट्राउट माशांच्या पाण्यांतून तर तो जाळी लावून उपसून काढीत. मोठा पाईक गळाला लागला की त्याला ठार करावयाचे, तोलावयाचे, छायाचित्र काढावयाचे आणि पुष्कळदा टाकूनही द्यावयाचे, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडातील सर्वसाधारण रीत होती. या रीतीविरुद्ध स्वतः गळकऱ्यांतूनच आवाज उठला. १९७७ साली ग्रेट ब्रिटनच्या पाईक गळकऱ्यांचा संघ स्थापन झाला आणि पाईक सुखरूप पाण्यात परत कसा सोडावा याचे शिक्षण देणे हे त्याने आपले मुख्य कार्य मानले.

त्यामागील विचार समजून घेण्याजोगा आहे. पाईकमधील नर लहान राहतात, साडेचार किलोच्या पुढे ते सहसा जात नाहीत. याहून मोठा मासा सापडला तर ती बहुधा मादी असते. म्हणजे ज्या प्रचंड माशाला मारून मिरवावयाचे, ती त्या तळ्यातील जुनी आई होय. दुसरे असे की, मोठे पाईक लहान पाईकना खाऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. मोठे काढून टाकले की लहानांचा सुळसुळाट होतो आणि ज्या इतर माशांना वाचवावे म्हणून हा खटाटोप, त्यांनाच जास्त त्रास होतो. शत्रू म्हणून ज्याला मारले तोच पाण्याचा राखणदार होता, हे कळावयास फार वर्षे लागली.

आता साधनांचा विचार करू. पाईकला अतिशय बारीक दोऱ्याने पकडण्यात काही मर्दुमकी आहे, ही समजूत चुकीची आहे. दोरा तुटला तर गळकरी नवा दोरा लावून मोकळा होतो, मासा मात्र तोंडात गळ घेऊन फिरतो. म्हणून साधन भक्कम हवे, हा पहिला नियम. काठी साधारण ११ ते १२ फूट लांबीची घेतात. काठीचे बळ मोजण्याची तऱ्हा मजेशीर आहे. काठीचे टोक मुठीशी काटकोन करीपर्यंत वाकण्यास जितके वजन लागते तितके तिचे बळ. पाईकसाठी ते अडीच ते तीन पौंड असावे लागते. एकेरी नायलॉनचा दोरा किमान १५ पौंड ताण सोसणारा आणि विणीचा दोरा ५० पौंडांच्या आसपासचा वापरतात.

पण दोरा कितीही बळकट असला तरी पाईकचे दात तो क्षणात कापतात. म्हणून गळ आणि दोरा यांच्या मध्ये तारेचा निदान १८ इंचांचा तुकडा लावणे अनिवार्य मानले जाते. तार लावली नाही तर मासा आमिषाबरोबर गळही घेऊन जाईल आणि कदाचित उपासमारीने मरेल. त्यामुळे तारेवाचून पाईकच्या वाटेस जाणे हा तेथील गळकऱ्यांत मोठा अपराध समजला जातो.

गळ बहुधा तिहेरी, म्हणजे एका दांडीला तीन आकडे असलेले, वापरतात. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो तो माशाच्या तोंडात रुतून बसतो. हे काटे पकडीने दाबून सपाट केले तर गळ सहज निघतो आणि जखमही लहान होते. दोरा ताणलेला ठेवला की मासाही सहसा सुटत नाही.

आमिषाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. पाईक गोड्या पाण्यातला, पण त्याला मेलेल्या समुद्री माशांचे फार वेड. आपल्या बांगड्याचा आणि तारल्याचा युरोपातील भाऊबंद ही त्याची आवडती आमिषे!

साधनांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. पाईक भक्ष्य आडवे धरतो, मग फिरवून त्याचे डोके पुढे करून गिळतो. जुन्या काळी आमिष पोटात जाईपर्यंत मुद्दाम थांबण्याची पद्धत होती. मासा निसटत नसे हे खरे, पण वाचतही नसे. आजचा जाणता गळकरी दोरा हलताच किंवा तरंगता बूच बुडताच विलंब न लावता काठी उचलतो. त्यामुळे गळ तोंडाच्या कडेला लागतो, घशात जात नाही. काठी टाकून गप्पा मारावयास जाणाऱ्याने पाईकच्या नादी लागू नये, असे म्हणतात ते याचसाठी. आमच्या सहलीतील गरी माशाच्या घशात का गेली, याचे उत्तर आम्हांला येथे मिळाले. त्या मुलाने दोरी खुंटीला बांधून ठेवली होती आणि तो जेवावयास बसला होता.

मासा काठाशी आला की त्याला गाठी नसलेल्या मऊ विणीच्या मोठ्या हातजाळ्यात घेतात. उघड्या जमिनीवर ठेवीत नाहीत. ओली केलेली मऊ गादी आधीच अंथरलेली असते. हातही ओले करतात, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासून रक्षण करणारे कवच असते आणि कोरड्या हाताने ते निघून जाते. मग कल्ल्यावरील झाकणाच्या कडेखाली, लाल कल्ल्यांना स्पर्श न करता, बोटे सरकवून जबड्यापर्यंत नेली की तोंड आपोआप उघडते. दहाबारा इंच लांबीच्या चिमट्याने गळ काढतात. गळ निघेनासा झाला तर ओढाताण न करता पकडीने त्याचे आकडे कापतात, कारण गळापेक्षा मासा मोलाचा. हे सर्व शक्य तितक्या लवकर उरकून मासा पाण्यात सरळ धरतात आणि तो स्वतःच्या बळाने निघून जाईपर्यंत हात सोडीत नाहीत.

ऋतूचाही विचार असतो. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो आणि झुंजीने थकलेला पाईक पुन्हा सावरत नाही, म्हणून पुष्कळ गळकरी त्या दिवसांत त्याला मुळीच छेडीत नाहीत. वसंताच्या आरंभी तो उथळ पाण्यातील वनस्पतींवर अंडी घालतो. इंग्लंडातील नद्यांवर १५ मार्च ते १५ जूनपर्यंत अशा माशांच्या गळमासेमारीस बंदी असते. तेथील नद्यांतून दिवसाला एकच पाईक, तोही ६५ सेंटिमीटरपर्यंतचाच, नेता येतो. आयर्लंडने २००६ साली केलेल्या नियमानुसार ५० सेंटिमीटरहून मोठा पाईक मारता येत नाही. लहान ठेवा आणि मोठा सोडा, हा नियम प्रथम उलटा वाटतो, परंतु वर सांगितलेले आईचे कारण ध्यानात घेतले की त्यातील शहाणपण उमगते. दोऱ्याला लावावयाच्या शिशाच्या लहान वजनांवरही इंग्लंडात १९८७ सालापासून बंदी आहे, कारण ती गिळून राजहंस विषबाधेने मरत होते. गळकऱ्याची जबाबदारी माशापाशीच संपत नाही, हे यावरून दिसते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. खावयाचे नसेल तर माशाला गळाला लावून छळावे तरी कशाला? हा प्रश्न वर्गातील एका मुलीने विचारला होता, आणि तो पोरकट नाही. जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांचे प्राणिसंरक्षणाचे कायदे याच विचाराचे आहेत. केवळ सोडून देण्यासाठी मासा पकडणे तेथे गैर मानले जाते. उलट इंग्लंडातील गळकरी म्हणतात की, माशावर प्रेम करणारा आणि काठावर पहारा ठेवणारा आम्हांवाचून दुसरा कोण आहे? दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आम्ही स्वतः मत्स्याहारी, तेव्हा न्यायासनावर बसण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु निष्काळजीपणाने दिलेल्या यातनेचे समर्थन दोहोंपैकी एकही पक्ष करीत नाही, एवढे मात्र निश्चित.

आपल्या नद्यांत पाईक नाही. पण आपल्या खाडीतला चोणक त्याच्यासारखाच दबा धरून बसणारा, आणि त्याची गोष्ट तर अधिकच नवलाची. चोणक आधी नर असतो आणि वाढून मोठा झाला म्हणजे मादी होतो. तेव्हा येथेही मोठा मासा म्हणजे आईच. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते, तिच्यामागील विचारही हाच, की बाळंतिणीच्या घरी पाहुण्याने जाऊ नये.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, सुट्टीत गरी घेऊन नदीवर जाल तेव्हा खिशात एक पकड ठेवा. गरीचा उलटा काटा सपाट करा. दोरी हातातून सोडू नका. तुटलेली दोरी काठावर टाकू नका, तीत पाखरांचे पाय अडकतात. आणि मासा घरी न्यावयाचा की सोडावयाचा, हे गरी टाकण्यापूर्वीच ठरवा. न्यावयाचा असेल तर त्याला तत्काळ मारा, सोडावयाचा असेल तर तत्काळ सोडा. या दोहोंच्या मधली तडफड आम्ही त्या चिऱ्यावर पाहिली आहे. ती पुन्हा पाहण्याची आमची इच्छा नाही.

यंदाच्या सहलीस आम्ही पकड आणि एक जुना ओला करावयाचा पंचा बरोबर नेणार आहोत. पाण्याचे पाईक व्हावयाचे तर आरंभ एवढ्यापासूनही करता येतो.