जुने यंत्र आणि दोन पडदे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपुष्टात आला आणि नव्या आवृत्तीच्या शर्तींत न बसणारी असंख्य यंत्रे, त्यांची कार्यशक्ती शाबूत असतानाही, बाजाराच्या दृष्टीने बाद ठरली. अशा यंत्रांवर लिनक्स बसविले तर ती चालतात एवढेच नव्हे, तर दोन मॉनिटर सांभाळून, ज्याला एका बाजूस मूळ मजकूर आणि दुसऱ्या बाजूस तर्जुमा ठेवून बसावे लागते अशा माणसाची मोठी सोय करतात, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुसऱ्या पडद्याचा भार जुन्या यंत्रास पेलणार नाही, हा समज हिशेबास टिकत नाही. १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्याचे संपूर्ण चित्र, दर बिंदूस ४ बाइट धरले तरी, सुमारे ८ मेगाबाइटांत मावते. रॅम फस्त करतो तो ब्राउझर. खरी मर्यादा असते ती ग्राफिक्स चिपमध्ये, कारण पडद्याकडे चित्र रवाना करणारे मार्ग तीत मोजकेच असतात. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत ते दोन होते, २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये तीन झाले, आणि तेथेही तिन्ही पडदे एकदम चालवायचे तर बहुधा डिस्प्लेपोर्टचाच अवलंब करावा लागतो. मागे पोर्ट किती दिसतात, यावरून पडद्यांची संख्या ठरत नाही ती यामुळेच.

लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या, एमआयटीत १९८४ साली जन्मलेल्या एक्स या चित्रव्यवस्थेत पूर्वी पडद्यांची मांडणी बहुधा एका फाइलीत हाताने लिहावी लागे. २००७ च्या सुमारास तिच्या रँडआर या विस्ताराची १.२ ही आवृत्ती आली आणि चालू कामात पडदा जोडणे वा काढणे सुलभ झाले. आज एक्सच्या सत्रात टर्मिनल उघडून एक्सरँडआर ही आज्ञा दिली, की प्रत्येक पोर्टचे नाव, त्यास पडदा जोडला आहे किंवा कसे, आणि तो किती बिंदूंचे चित्र दाखवू शकतो, याची फेहरिस्त समोर येते. ही माहिती मॉनिटर आपल्या ईडीआयडी नामक ओळखपत्राने केबलवाटे स्वतःच कळवीत असतो. व्हीजीएची केबल सदोष असली, की ही माहिती पोहोचत नाही आणि उत्तम पडदाही १०२४ बाय ७६८ वर अडकून पडतो. लिनक्सला बोल लावण्यापूर्वी म्हणून केबल बदलून पाहावी.

डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई निवडावा, हे माझे मत. त्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पडद्यांचे चौकोन माउसने ओढून प्रत्यक्ष टेबलावरच्या क्रमाने लावता येतात. आणि खिडक्या सरकविताना यंत्र अडखळू लागलेच, तर सावल्या व पारदर्शकता पुरविणारा कंपोझिटर बंद करण्याची सोयही एक्सएफसीईत आहे.