रोग आणि चाचण्या (लेखांक ९) : रेबीज – चावा एकाला, तपासणी दुसऱ्याची

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून रेबीजचा विषाणू लाळेवाटे जखमेत उतरतो. तिथल्या स्नायूंच्या पेशींत तो बहुधा काही काळ वाढतो आणि मग जिथे मज्जातंतू स्नायूला भिडतो तिथून तंतूत शिरतो. पुढचा सगळा प्रवास मज्जातंतूच्या आतून, मेंदूच्या दिशेने होतो. वेग दिवसाला काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत. पायाच्या चाव्यानंतर लक्षणे बहुधा उशिरा दिसतात. चेहरा, मान आणि बोटे मात्र धोक्याची, कारण तिथे एक तर मेंदू जवळ असतो, नाहीतर मज्जातंतूंची दाटी असते. चाव्यापासून लक्षणांपर्यंतचा काळ साधारण एक ते तीन महिन्यांचा. क्वचित तो आठवड्याभराचा असतो, तर क्वचित वर्षाहून अधिक.

या काळात विषाणू रक्तात फिरत नाही. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला त्याचा सुगावा लागत नाही, म्हणून प्रतिपिंडेही तयार होत नाहीत. डेंग्यूत रक्ताचा नमुना बरेच काही सांगतो, इथे काहीच सांगत नाही. ‘आधी रक्त तपासा, काही निघालं तरच इंजेक्शनं द्या’ ही नातेवाइकांची मागणी ऐकायला रास्त वाटते, पण अशी चाचणीच नाही. तपासायचे ते चावणाऱ्या प्राण्याला.

कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो मेंदूत पोहोचल्यानंतरच. म्हणजे ज्याचा चावा रोग देऊ शकतो, तो कुत्रा एक तर आजारी असतो किंवा चार-सहा दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवण्याचा नियम यातून आला. तो कुत्र्या-मांजरांपुरताच आहे. माकड, मुंगूस किंवा कोल्हा चावला तर त्याचा आधार घेता येत नाही. उपचार मात्र पहिल्याच दिवशी सुरू होतात. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर ते थांबवता येतात. चावणाऱ्या कुत्र्याला जमावाने जागीच ठेचून मारले की ही नजर ठेवायची सोय संपते. शिवाय डोके फुटल्यामुळे तपासणीचा नमुनाही बिघडतो.

हा नमुना मेंदूचा असतो. १९०३ साली इटलीतील पाव्हिया येथे आदेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत गोलसर ठिपके दिसले. हे एकपेशीय परजीवी असावेत असे त्यांना वाटले. त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलमध्ये रेमलिंजर आणि रिफात बे यांनी रोगाचे कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळण्यांतून पार जाते हे दाखवले, तेव्हा कारण विषाणूच ठरले. नेग्रींचा अर्थ चुकला, पण त्यांचे ठिपके पुढे अनेक दशके निदानाला उपयोगी पडले. अडचण एवढीच, की रेबीजने मेलेल्या बऱ्याच प्राण्यांत ते सापडतच नाहीत.

१९५८ साली गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी चमकत्या प्रतिपिंडांची पद्धत मांडली आणि प्रमाण चाचणी म्हणून आजही तिचाच हवाला दिला जातो. मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू यांचे तुकडे काचपट्टीवर दाबून ठसा घेतात, तो थंड ॲसिटोनमध्ये स्थिर करतात आणि त्यावर चमकणारे रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे घालतात. अर्ध्या तासाने पट्टी धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर हिरवट ठिणग्या दिसल्या, तर रेबीज पक्का. नमुना बर्फात यावा लागतो. सवयीने फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवला की नेहमीची पद्धत अडते. कवटी फोडायची सोय नसेल तिथे मानेच्या सांध्यातून, कवटीच्या मागच्या छिद्रावाटे, नळी घालूनही पुरेसा मेंदू काढता येतो.

गुराढोरांत निदान आणखी फसवे. गाय रवंथ करत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. घशात काही अडकले असावे असे वाटून मालक तोंडात हात घालून चाचपतो, कधी पशुवैद्यकही. पिसाळलेले जनावर चावतेच असे नाही. हाताला खरचटलेले असेल, तर लाळ त्यातून शिरायला पुरेशी ठरते.

माणसात विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी जखमेतच गाठावा लागतो. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे हा उपचाराचा पहिला भाग. विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण साबणाने फुटते. चुना, हळद किंवा मिरचीने तसे काही होत नाही, उलट जखम चिडते. रक्त आलेल्या चाव्यात तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेच्या आत आणि भोवती देतात, कारण लसीने शरीराची स्वतःची प्रतिपिंडे बनायला आठवडा-दीड आठवडा जातो. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत अजून ऐकू येते, पण मेंढ्यांच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस भारतात कधीच बंद झाली. आता लस दंडात किंवा त्वचेत चार-पाच वेळा दिली जाते.

लक्षणे सुरू झाल्यावर माणसाचीही चाचणी होते. लाळ आणि मानेमागच्या केसांच्या मुळांसकट घेतलेला त्वचेचा तुकडा यांत विषाणूचे आरएनए शोधतात, कारण मेंदूतून उलट निघालेला विषाणू केसांच्या मुळांभोवतीच्या मज्जातंतूंत पोहोचलेला असतो. लाळेत तो सतत येत नाही, म्हणून नमुने पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात आणि एका नकारात्मक अहवालावरून रेबीज नाही असे म्हणता येत नाही. लस घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून निदान होत नाही. त्याच्या पाठीच्या कण्यातले पाणी तपासावे लागते.