पल्ला किती? मचाणावरच्या नेमाचे गणित

झाडावर बसविलेल्या पक्ष्याचा फक्त डोळाच दिसतो, असे अर्जुनाने द्रोणाचार्यांना सांगितले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तो डोळा किती हात लांब आहे, हे गुरूंनी विचारले नाही आणि शिष्यानेही सांगितले नाही! वास्तविक धनुर्धराची निम्मी विद्या याच प्रश्नात आहे. बाण डोळ्याच्या रेषेत जात नाही. सुटल्या क्षणापासून तो खाली येऊ लागतो, आणि किती खाली येईल हे पल्ल्यावर अवलंबून असते.

या प्रश्नाचा विचार करावयास नागपूरच्या सक्करदऱ्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. एके काळी येथे भोसल्यांचा वाडा, बाग आणि तलाव, एवढाच शहराबाहेरचा निवांत परिसर होता. आज दुकाने, शिकवणी वर्ग आणि तीन-तीन मजली घरे यांनी तो गजबजून गेला आहे. परंतु येथून निघणारा उमरेड रस्ता धरला, की दीडेक तासात उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या वाघाच्या मुलखात पोचावे! तिकडच्या शेतकऱ्याला मचाण काही नवे नाही. पीक हाताशी आले, की रानडुकरे व चितळे यांच्यापासून ते राखण्यासाठी तो रात्र-रात्र मचाणावर काढतो. सक्करदऱ्याच्या रहिवाशाला तेच मचाण गच्चीच्या रूपाने आयते मिळाले आहे.

एक वीत चुकली तर?

आता थोडे गणित मांडू. आजच्या कप्पी लावलेल्या, म्हणजे कंपाउंड, धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे ८० मीटर जातो असे धरा. हवेचा अडथळा सोडून दिला, तरी २० मीटर जाईपर्यंत तो ३० सेंटिमीटर खाली येतो. ३० मीटर जाईपर्यंत मात्र जवळजवळ ७० सेंटिमीटर! अंतर दीडपट झाले, पण घसरण दुपटीहून अधिक. म्हणजे जनावर ३० मीटरवर असता ते २० मीटरवर आहे अशा समजुतीने नेम धरला, तर बाण चांगला एक वीतभर खाली लागेल. बांबूच्या साध्या कामठ्याचा बाण याहून पुष्कळ मंद; तेथे हीच चूक दोन फुटांच्या घरात जाते.

एक वीत म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. चितळाच्या अंगावर काळीज आणि पाय यांच्यात अंतर तेवढेच असते. नेम साधला तर जनावर थोड्याच वेळात पडते. चुकला तर ते पाय ओढीत झुडपात शिरते आणि दोन-चार दिवस तडफडून मरते. म्हणूनच अमेरिकेत, जेथे परवाना काढून झाडावरच्या मचाणावरून धनुष्याने हरणाची शिकार करता येते, तेथे जबाबदार शिकारी पल्ला मोजल्याखेरीज दोरी ओढीत नाहीत.

उंचीची गंमत

मचाणावर बसले की आणखी एक गंमत होते. तुमचा डोळा रस्त्यापासून ३० फूट उंच आहे आणि भिंतीच्या पायथ्यापासून ४० फुटांवर एक माणूस उभा आहे असे समजा. शाळेतला पायथागोरस आठवा: तुमच्या डोळ्यापासून त्याचे तिरपे अंतर भरेल ५० फूट. मग नेम ५० चा धरावयाचा की ४० चा? उत्तर आहे, ४० चा! कारण पृथ्वीची ओढ बाणाची वाट वाकविते ती फक्त आडव्या प्रवासापुरती. विहिरीत सरळ खाली बाण सोडला, तर तो वाकणार तरी कोणीकडे?

अर्थात हा फरक फार फुगवून सांगण्यात अर्थ नाही. मचाण १५ फूट उंच आणि जनावर ६० फुटांवर असले, तर तिरपे अंतर ६२ फुटांच्या आतच राहते. हा फरक खरा बोचतो तो डोंगरउतारावर. साध्या मचाणावर फसवितो तो आपला डोळाच. संधिप्रकाशात, सपाट गवतावर, मध्ये मापाला झाड नाही की दगड नाही, अशा वेळी वीस आणि तीस मीटर सारखेच दिसतात.

प्रकाशाची फूटपट्टी

यावर उपाय म्हणजे रेंजफाइंडर, आपण त्याला पल्लामापक म्हणू. जुने पल्लामापक दोन डोळ्यांच्या तत्त्वावर चालत. नळीच्या दोन टोकांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून अंतर काढीत. युद्धनौकांवर ते प्रचंड आकाराचे असत. आजचा मात्र मुठीत मावतो. कळ दाबली की तो डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसर किरणाचा ठोका सोडतो, आणि तो परत यावयास लागलेला वेळ मोजतो. ३० मीटरवर जाऊन परत यावयास प्रकाशाला सेकंदाचा पन्नास लाखावा भाग पुरतो! काही यंत्रांत कल मोजण्याचीही सोय असते. ती वर सांगितलेला त्रिकोण स्वतःच सोडवून आडवे अंतर दाखवितात. एकच काळजी घ्यावी: मध्ये गवताचे पाते किंवा फांदी आली, तर यंत्र बिचारे तिचेच अंतर सांगते.

शिकार गेली, यंत्र राहिले

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, आणि ते योग्यच झाले. मग विदर्भात या यंत्राचे काय काम? काम आहे, आणि ते जीव वाचविण्याचे आहे. व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक सकाळी ठरलेल्या दोन किलोमीटरच्या सरळ वाटेने चालतात. चितळांचा किंवा सांबरांचा कळप दिसला, की पल्लामापकाने त्याचे अंतर आणि होकायंत्राने दिशा टिपतात. त्यावरून त्या रानात वाघाच्या पोटापुरती जनावरे आहेत की नाहीत, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरे काम अधिक नाजूक. वाट चुकून वस्तीत शिरलेल्या वाघाला किंवा बिबट्याला बेशुद्ध करावयाचे असते. औषधाची सुई फेकणाऱ्या बंदुकीचा दाब पल्ला पाहून ठरवावा लागतो. जनावर वाटले त्याहून जवळ असले, तर सुई स्नायू सोडून हाडापर्यंत घुसण्याचा धोका. दूर असले, तर ती वाटेतच पडते आणि बिथरलेले जनावर जमावावर धावते. येथेही प्रश्न विताचाच, फक्त या वेळी माणूस आणि जनावर या दोघांचाही जीव टांगणीला असतो.

आणि निखळ नेमबाजीची हौस असेल, तर खेळाचे मैदान मोकळे आहे. नागपूरच्याच ओजस देवतळे याने २०२३ साली बर्लिन येथे जगज्जेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात ५० मीटरवरून सोडलेले पंधराच्या पंधरा बाण त्याने दहाच्या वर्तुळात बसविले. त्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर! मैदानावर अंतर आधीच ठाऊक असते. रानावनातील ‘फील्ड’ स्पर्धांत मात्र काही लक्ष्यांचे अंतर मुद्दाम सांगत नाहीत, आणि पल्लामापक वापरण्यास सक्त मनाई असते. तेथे डोळ्याचीच परीक्षा.

अंगठ्याचा पल्लामापक

ही परीक्षा आपल्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर देता येईल. धनुष्य मात्र नको! हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा. एक डोळा मिटून तो समोरच्या एखाद्या वस्तूवर लावा, मग तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा बाजूला उडी मारील. ही उडी त्या वस्तूपाशी किती फुटांची झाली ते अजमावा आणि दहाने गुणा. उडी एका स्कूटरच्या लांबीइतकी, म्हणजे सुमारे ६ फूट, भरली तर पल्ला ६० फूट. हाताची लांबी दोन डोळ्यांमधील अंतराच्या सुमारे दसपट असते, एवढेच यातले रहस्य. पहिला प्रयोग अंगणात किंवा तलावाकाठच्या मोकळ्या जागेत करावा, आणि मग टेपने मोजून पाहावे. दहा-वीस वेळा ताळा केला, की डोळा आपोआप शहाणा होऊ लागतो.